पावलांची चौकशी

आयेले माणसाच्या तोंडाकडे आधी बघतच नाही. घानात, अक्रा शहराच्या लाबाडी भागातल्या आमच्या गल्लीत कुणी तिला हाक मारली, की तिची नजर पहिल्यांदा त्याच्या चपलांवर जाते, मग गुडघ्यांवर, मग खांद्यांवर. तोंडापर्यंत पोचेस्तोवर त्या माणसाबद्दल तिचं मत बनून गेलेलं असतं, आणि ते बहुधा वाईटच असतं.

चर्चमध्ये नवा पाद्री आला तेव्हा सगळी गल्ली त्याच्या आवाजावर खूश होती. आयेले म्हणाली, "टाचा टेकत नाहीत त्याच्या. हा टिकायचा नाही." ईस्टरच्या आधीच त्याने कुमासीला बदली मागून घेतली. तिचा चुलतभाऊ ओकाय पाय मुरगळला म्हणून अंगणाची भिंत रंगवायला येईना, तेव्हा तिने सगळ्यांसमोर विचारलं, "का रे, सकाळी डावा पाय लंगडत होता, मक्याची केंकी खाल्ल्यावर उजवा कसा लंगडायला लागला?" ओकायने मुकाट्याने ब्रश उचलला. अशा दोन-चार गोष्टी खऱ्या ठरल्या आणि बाई शेफारली. तेव्हापासून तिच्या अंदाजाला कुणी आडवं गेलं नाही, ही आमचीच चूक.

तिचा धंदाच तसा. कोकोम्लेम्लेला टायरच्या दुकानावर एक छोटा स्टुडिओ आहे, तिथे कॉम्प्युटरवर कार्टूनं बनतात. डासांच्या जाळीची जाहिरात, साबणाची जाहिरात, लहान मुलांची मालिका, असलं काहीबाही. त्यात बाकीचे लोक चेहरे करतात, आवाज देतात, झाडं रंगवतात. आयेले फक्त चालवते. कोळीण, शिपाई, बकरी, टोळीचा म्हातारा मुखिया, कुणीही असो, त्याला दोन पायांवर नाहीतर चारांवर चालतं करायचं काम तिचं.

ते काम असं असतं. एक उजवं पाऊल आणि एक डावं, एवढंच बनवायचं. पण त्याचं शेवटचं चित्र पहिल्या चित्राला असं बेमालूम जुळलं पाहिजे, की सांधा शोधून सापडू नये. मग तेवढाच तुकडा गोल फिरवत ठेवला, की ती कोळीण अक्राहून निघून पार उत्तरेतल्या टामालेपर्यंत न थांबता चालत जाईल, पुन्हा हात लावायला नको. सांधा जरा चुकला तर मात्र दर पावलाला उचकी लागल्यासारखी हलते.

आयेलेची पहिली कोळीण तर उचकीही न लागता सरकायची, साबणावर उभी असल्यासारखी. स्टुडिओचे मालक ओफोसू ते बघून म्हणाले होते, "ही चालतेय, की मागून कुणी ढकलतंय?" आयेले रडली नाही, तिला राग आला. ती रोज ट्रोट्रो मिनीबसच्या अड्ड्यावर जाऊन बसू लागली आणि उतरणाऱ्या-चढणाऱ्यांचे पाय बघू लागली. ड्रायव्हरांना वाटलं ही पोलिसांची कुणी आहे, मेट म्हणवणाऱ्या कंडक्टरांना वाटलं कुणाच्या तरी नवऱ्याच्या मागावर आहे. तिला काय, ती बघतच राहिली. थकलेला माणूस आधी मानेने चालतो, घाबरलेला कोपराने, खोटं बोलून आलेला गरजेपेक्षा सरळ चालतो, असले शोध तिने तिथे लावले. कामात तिचा हात बसला. पण अड्ड्यावर लागलेली नजर ती घरीही घेऊन आली, आणि मग घरातलं कुणी सुटलं नाही.

म्हणजे, एक सुटली. धाकटी बहीण कोर्कोर.

कोर्कोरचा डावा पाय लहानपणीच्या तापात वाळला आणि आखूड राहिला. ती चालते तेव्हा डाव्या अंगाला झुकते, क्षणभर थांबते, मग उजवा पाय पुढे घेते. आई गेल्यावर आयेलेनेच तिला शाळेत नेलं-आणलं. आयेले पुढे, कोर्कोर मागे. गर्दीत वाट करून द्यायची, बकऱ्या हाकलायच्या, कुणी पोराने बहिणीची नक्कल केली तर त्याच्या कानाखाली आवाज काढायचा, आणि वळून म्हणायचं, "चल गं." सगळ्या जगाचं चालणं आयेलेने उलगडून बघितलं, पण कोर्कोरच्या चालण्याकडे कधी त्या नजरेने बघितलं नाही. बघवलं नसावं.

कोर्कोर आता चौतिशीची. अंगणातल्या खोलीत मशीन टाकून शाळेचे गणवेश शिवते, आणि तिची जीभ तिच्या कात्रीहून बरी चालते. पूर्वी एकदा तिच्यासाठी एक स्थळ आलं होतं. पाहुण्यांना पाणी द्यायला ती उठली, अंगण ओलांडून आली, आणि ते लोक पाणी पिऊन गेले ते गेलेच. तिने पेले उचलले आणि विसळून जागेवर ठेवले. आयेलेने मात्र मनात गाठ मारली, की पुन्हा कुणी या दारात आलं तर त्याला आतून-बाहेरून तपासल्याशिवाय आत घ्यायचं नाही.

आणि मग नार्टे आला.

नार्टे मूळचा आडा नावाच्या गावचा, कानेशीच्या बाजारात फ्रिज दुरुस्त करतो. कोर्कोरची गाठ त्याच्याशी कशी पडली ते दोघंही नीट सांगत नव्हते, हा आयेलेच्या दृष्टीने पहिला गुन्हा. एका शनिवारी तो आपल्या काकाला घेऊन रीतीप्रमाणे दार वाजवायला, म्हणजे मागणी घालायला आला. श्नॅप्स दारूच्या दोन बाटल्या पुढे ठेवल्या. आमच्यात लगेच कुणी हो म्हणत नाही. "ऐकलं, बघतो," एवढंच म्हणायचं, होकार ठरेपर्यंत बाटल्या न उघडता कपाटावर ठेवायच्या, आणि मुलाच्या घराण्याची चौकशी करायची. कुणाला वेड लागलं होतं का, कुणी तुरुंगात होतं का, एखादी बायको आधीच कुठे दडवून ठेवलीय का. चौकशी करणाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही, न करणाऱ्याला ठेवतात. घरात वडिलकीची उरलेली एकच, वडिलांची बहीण आवो लामले. ती म्हणाली, "चौकशीला आयेले. दुसरं कोण?"

आयेले आडा गावाला गेली. नळावरच्या बायकांना विचारलं, मेथडिस्ट शाळेत विचारलं, नावेवाल्यांना विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं, की पोरगा सरळ आहे, आईला धरून आहे, पीत नाही.

"मग झालं तर," आवो म्हणाली.

"झालं कसं? सगळे एकच कसे बोलतील, आवो? आपल्या गल्लीत विचार बरं कुणाबद्दल, दोन माणसं एक सांगतात का? पढवून ठेवलंय सगळ्यांना."

"अख्खं गाव पढवलं?"

"कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं नक्की."

पाणी कुठे मुरतंय ते तिला पुढच्या रविवारी सापडलं. चर्च सुटल्यावर नार्टे कोर्कोरला घरी पोचवायला येत होता. आयेले वरच्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरींच्या आड उभी राहिली. नाक्यापासून दोघं भिंतीच्या कडेने समोरून शेजारी शेजारी येत होते. तिने फोनवर ते टिपून घेतलं. कोर्कोरने वर बघितलं असतं तर तिला चादरीखाली बहिणीचे पाय दिसले असते, पण त्यांना वर बघायला वेळ नव्हता.

सोमवारी स्टुडिओत हातातली बकरी बाजूला ठेवून आयेलेने नार्टेला घेतलं. चित्राची कोर्कोरकडची बाजू कापून टाकली, कारण तिच्या झग्याचा घेर मध्ये येत होता. त्याचं एक उजवं पाऊल, एक डावं घेतलं, टोकं जुळवली, आणि फिरवत ठेवलं. नार्टे पडद्यावर जागच्या जागी चालू लागला.

आयेलेने खुर्ची पुढे ओढली.

त्याचा डावा पाय पडायचा आणि नको इतका वेळ जमिनीवर राहायचा. डावा खांदा किंचित खाली यायचा. मग उजवा पाय निघायचा, पण पूर्ण न फेकता अर्ध्यावरच टेकायचा. लंगडा नव्हता तो, दुखतही नव्हतं त्याचं काही. धडधाकट पाय मुद्दाम आखडून घेतलेले होते. पुन्हा पाय पडायचा, पुन्हा रेंगाळायचा, पुन्हा खांदा झुकायचा. आता, कुठल्याही भल्या माणसाचा एवढासा तुकडा तोडून असा गोल फिरवत ठेवला तर तो दुपारपर्यंत चोर दिसायला लागेल. पण हे आयेलेला कोण सांगणार? तिच्या मनातली पाल एवढी चुकचुकत होती, की ओफोसूंनी बकरीचं काय झालं म्हणून विचारलं तेही तिला ऐकू आलं नाही.

"ही याची चाल नाही," ती पडद्याला म्हणाली. "ही याने कुठून तरी आणलीय."

दुसऱ्या दिवशी ती कानेशीला गेली आणि एका रताळीवालीच्या छत्रीमागे उभी राहिली. रताळीवालीने विचारलं, "घ्यायचंय की लपायचंय?" आयेलेने दोन्ही केलं. थोड्या वेळाने नार्टे आला. खांद्यावर गॅसचं सिलिंडर, आणि चालणं कसं, तर लांब टांगा टाकत, खांदे सपाट, बायाबापड्या वाट देतायत आणि हा कुणाला तरी हाक मारत जिना चढून दिसेनासाही झाला. कसलं रेंगाळणं आणि कसलं झुकणं! आयेलेने तेही टिपून घेतलं. आणि खरं सांगायचं तर तिला थोडा आनंदही झाला.

"दोन चाली आहेत त्याच्या," तिने घरी येऊन आवोला सांगितलं. "एक स्वतःची, आणि एक आपल्या दारासमोरची. गरीब, सोशिक, पाय ओढणारी. दया यावी अशी. पायांनी खोटं बोलणारा माणूस तोंडाने काय खरं बोलणार?"

आवो भुईमूग सोलत होती. "माझा नवरा कामाला जाताना म्हातारा असायचा आणि फुटबॉलला जाताना तरुण. मी काय त्याला परत पाठवला?"

"मस्करी नको, आवो. कोर्कोरच्या जन्माचा प्रश्न आहे."

"तोच तर." आवोने सालं फुंकली. "चौकशी तुझ्याकडे दिली आहे. तू नको म्हणालीस तर बाटल्या परत जातील, मी मध्ये येणार नाही. पण शनिवारी ते येतील तेव्हा तुझ्या तोंडाने सांगायचं. आणि कोर्कोरला आधी सांगायचं."

कोर्कोरने मशीन थांबवलं नाही. "काय गुन्हा केलाय त्याने?"

"त्याचं चालणं बरोबर नाही."

"चालणं?" आता मशीन थांबलं. "चालण्यावरून माणसं परत पाठवायची? मग मला तर फाशीच द्या."

"तसं नाही गं. तू बघितलं नाहीस. मी बघितलंय."

"तू सगळं बघितलंयस. आजपर्यंत तुझ्या नजरेतून एक माणूस पास झालाय का, सांग! दूधवाला चोर, पाद्री पळपुटा, ओफोसू लबाड. तू स्वतः लग्न केलं नाहीस ते कुणाच्या गुडघ्यामुळे, तेही सांग एकदा."

आयेलेला ते लागलं. "तुझ्यासाठीच करतेय मी हे," ती म्हणाली. "तुला कुणी फसवलं तर मी जगायची नाही."

कोर्कोरने हातातला निळा गणवेश घडी करून ठेवला. "दाखव मला," ती म्हणाली. "तुझ्या त्या पडद्यावर काय दिसतंय ते माझ्या डोळ्यांनी बघू दे. खोटा असेल तर मीच बाटल्या उचलून देईन."

शनिवारी सकाळी त्या दोघी कोकोम्लेम्लेला गेल्या. स्टुडिओत कुणी नव्हतं, खालून टायर ठोकल्याचे आवाज येत होते. जिना अरुंद. आयेले वर पोचली, कुलूप उघडलं, पंखा लावला, कॉम्प्युटर चालू केला, तोवर कोर्कोर कठड्याला धरून आत आली.

पडद्यावर नार्टे चालू लागला. जागच्या जागी. डावा पाय, रेंगाळणं, खांदा खाली, अर्धं उजवं पाऊल.

"हे बघ," आयेले पेन्सिलीने दाखवू लागली. "इथे पाय उचलायला हवा होता, उचलत नाही. खांदा बघ. आणि हा बघ कानेशीतला." तिने शेजारी दुसरा तुकडा लावला. लांब टांगा टाकणारा नार्टे. "एकच माणूस. आता मला सांग, यातला खरा कोणता?"

कोर्कोर पुढे वाकून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आधी राग होता, मग तो गेला. ती बघतच राहिली.

"हा एकटाच का चालतोय?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"रविवारचा आहे ना हा? चर्चमधून येतानाचा? त्या दिवशी मी होते त्याच्या बरोबर. मी कुठे आहे?"

"तुला कापलं. तू मध्ये येत होतीस."

"परत घाल मला," कोर्कोर म्हणाली.

आयेलेने मूळ चित्र उघडलं. भिंत पूर्ण झाली, आणि नार्टेच्या शेजारी पिवळ्या झग्यातली कोर्कोर आली. दोघं नाक्यावरून चालत येऊ लागले. कोर्कोरचा डावा पाय पडला, त्याचाही डावा पडला. ती झुकली, त्याचा खांदा तिच्या खांद्याबरोबर खाली आला. ती क्षणभर थांबली, तो थांबला. तिचा उजवा पाय निघाला, त्याचाही तेवढाच निघाला. आणि हे चालू असताना तो तिला काहीतरी सांगत होता, हातवारे करत, बहुतेक कुणाच्या तरी फ्रिजची गोष्ट, आणि ती हसत होती. पायांकडे दोघांपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं.

आयेलेने ते थांबवलं. पुन्हा लावलं. तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दोन पात्रांना शेजारी चालवायचं तर एकाचा वेग दुसऱ्याला द्यावा लागतो, नाहीतर एक पुढे निघून जातं, हे ती नव्या पोरांना शिकवायची. चाल त्याची नाही, कुठून तरी आणलीय, हे तिने बरोबर ओळखलं होतं. ती तिच्याच घरातून आणलेली होती.

सवयीने तिने एक आणखी करून बघितलं. कानेशीतला नार्टे उचलला आणि कोर्कोरच्या शेजारी ठेवून दिला. तो आपल्या लांब टांगांनी बघता बघता भिंतीच्या टोकाला गेला, आणि कोर्कोर मागे एकटी राहिली, झुकत, थांबत, रस्त्याच्या मधोमध.

ते चित्र आयेलेने आधी बघितलेलं होतं. शाळेच्या वाटेवर, बाजाराच्या वाटेवर, आईच्या अंत्ययात्रेत, आणि आत्ताच जिन्यात. फक्त तिने ते नेहमी पुढच्या टोकाकडून, वळून बघितलं होतं.

"बघून झालं?" कोर्कोरने विचारलं.

आयेलेने कॉम्प्युटर बंद केला, तोही धड न करता, बटण दाबून.

दुपारी नार्टे आणि त्याचे काका आले. आवोने बाटल्या कपाटावरून खाली घेतल्या. घरातली सगळी माणसं अंगणात बसली होती, ओकायसुद्धा. आवोने रीतीने विचारलं, "आयेले, चौकशी तुझ्याकडे होती. नीट बघितलंस?"

"नाही," आयेले म्हणाली. "अर्धंच बघितलं."

अंगणात कुजबुज झाली. काका सावरून बसले. नार्टेने कोर्कोरकडे बघितलं.

"मग अजून बघायचंय?" आवोने विचारलं.

"नको. चूक माझी होती, त्याच्यात काही नाही." आयेलेने नार्टेच्या तोंडाकडे बघितलं, सरळ, आधी तोंडाकडेच. त्याच्या गालावर एक जुना व्रण होता, तो तिने आजवर पाहिलाच नव्हता. "बाटल्या उघडा."

मग रीतीप्रमाणे आवो कोर्कोरला तीनदा विचारणार होती, उघडायच्या का म्हणून, पण तिसऱ्यांदा विचारायच्या आतच ती म्हणाली, "अगं उघड ना आवो, श्नॅप्सचा सिरका होईल." सगळे हसले.

संध्याकाळी पाहुण्यांना वाटेला लावायला दोघी बहिणी नाक्यापर्यंत गेल्या. काका जरा जास्तच सरळ चालतायत असं आयेलेला वाटलं, पण ती बोलली नाही. ट्रोट्रो निघून गेला. परतताना त्या दोघीच राहिल्या.

आयेलेने कोर्कोरच्या शेजारी पाऊल टाकलं. डावं पाऊल डाव्याबरोबर, मग थांबायचं, मग उजवं. किती सोपं, रोजचं काम. पण तिसऱ्या-चौथ्या पावलालाच ती पुढे निघून गेली. थांबली, पुन्हा बरोबरीला आली, पुन्हा सुरुवात केली. थांबायच्या जागी पाय ऐकेना. भिंत संपायच्या आत ती पुन्हा पुढे होती, आणि वळून तोंडातून "चल गं" निघायचं तेवढं राहिलं.

कोर्कोर सगळं बघत होती. तिने आयेलेच्या पाठीवर हात ठेवला, अगदी मायेने.

"तू हो पुढे," ती म्हणाली. "मला सवय आहे."

आयेले तिथेच उभी राहिली. तिने बहिणीचा हात धरला, आणि म्हणाली, "तू आधी पाऊल टाक. मी बघते, मग टाकते."